गावातला धर्म अभ्यासायचाय? सीमाभागात पहिल्यांदाच वही घेऊन उतरणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता : आपण देव मानता का? २०१७ च्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी साठ घरं हिंडले. साठही घरांनी 'हो' म्हटलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. एका आजीनं तेवढं उलट विचारलं, "तू मानत न्हाईस काय ग?" ते साठ कागद पुढं वर्षभर पाठकोऱ्या बाजूनं किराणा यादीला वापरले.

नंतरची पाच वर्षं त्याच गावात आणि आसपास गेली. आता समाजशास्त्राची मुलं लघुप्रबंधाचा विषय घेऊन घरी येतात, तेव्हा त्यांच्या हातात तीच प्रश्नावली असते, फक्त आता ती गूगल फॉर्मवर असते. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

एवढं आधीच सांगते की श्रद्धा विचारून काही हाती लागत नाही. मान कुणाचा, वर्गणी कशी ठरते, देवळाची किल्ली कुणाकडं असते, पंगतीत वाढायला कोण उभं राहतं, हे विचारत गेलात तर धर्म आजच्या समाजात काय काम करतो ते आपोआप दिसायला लागतं.

१. विषयावर थांबू नका, प्रश्नापर्यंत या

'आधुनिक समाजातील धर्माची भूमिका' हे अभ्यासक्रमातल्या पेपरचं नाव झालं. त्यावर गावात काम करता येत नाही. पुस्तकी भाग थोडक्यात आटोपा. धर्म समाजाला बांधून ठेवतो असं म्हणणारे एमिल दुर्खेम, धार्मिक शिकवणीतून माणसाचं आर्थिक वागणं कसं घडतं ते शोधणारे मॅक्स वेबर, आणि आपल्याच कर्नाटकातले, म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची कल्पना (खालच्या मानलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात ती), एवढं नीट वाचलं तरी सुरुवातीला पुरे. शिक्षण आणि कारखाने वाढले की धर्म मागं हटेल, असं एकेकाळी बहुतेक समाजशास्त्रज्ञ धरून चालले होते. पीटर बर्जर हे त्यांतलं मोठं नाव. १९९० च्या दशकात त्यांनी स्वतःच ते मत मागं घेतलं. आमच्या गावाला हे आधीपासून ठाऊक होतं. तिथं शाळा आली, डेअरी आली, पोरं पुण्याला आणि गोव्याला कामाला गेली, आणि लक्ष्मीची यात्रा आधीपेक्षा मोठी झाली.

तुमचा प्रश्न एका पोस्टकार्डावर मावला पाहिजे. काही नमुने देते, हवे तर उचला.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्हीकडून बायका येतात. तिकीट बदललं तसं डोंगरावर कोण जायला लागलं, किती वेळा, कुणाबरोबर, नवऱ्याला विचारून की न विचारता? हा प्रश्न मला स्वतःला करायचा होता, वेळ मिळाला नाही. कुणी केला तर कळवा.

दुसरा : आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढं चालणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून जातात. शितोळे सरदारांचा हा मान पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या काळापासूनचा. १९५६ ला अंकली मैसूर राज्यात गेली, मान तिथंच राहिला. राज्याची हद्द आणि वारीची हद्द वेगवेगळी असणं म्हणजे काय, हे त्या एका गावात बसून शिकता येतं.

तिसरा अगदी साधा आहे. गाव सोडून गेलेल्यांकडून यात्रेची वर्गणी कोण, कशी आणि कशाच्या जोरावर वसूल करतं?

२. एकच गाव धरा, नाही तर एकच गल्ली

'बेळगाव जिल्हा' म्हणून सुरुवात केलीत तर कुठंच पोचणार नाही. हा जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूरकडं जंगलाची कड, मराठी गावं, माळकरी आणि भजनी मंडळं, आणि मध्येच कोकणी बोलणारी ख्रिस्ती वस्ती. उत्तरेला निपाणी, चिकोडी, सदलगा या पट्ट्यात ऊस-तंबाखू पिकवणारे दिगंबर जैन शेतकरी. जैन मुनी आचार्य विद्यासागर सदलग्याचे, आचार्य विद्यानंद शेडबाळचे. १८९९ मध्ये स्थापन झालेली आणि पुढं दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाणारी संस्था निपाणीजवळच्या स्तवनिधीची. रायबाग तालुक्यात चिंचलीची मायाक्का, तिची माघातली जत्रा, धनगरांचे ढोल आणि भंडारा. पूर्वेला सौंदत्ती. आणि खुद्द शहरात किल्ल्याच्या एकाच तटाआत १२०४ ची कमल बस्ती, आदिलशाही काळातली सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम. शहरात राहणाऱ्यांनी पहिला रविवार किल्ल्यात घालवावा. कुठं किती चपला आहेत, कुठं बाया जास्त आहेत, कुठं मुलं नुसती सेल्फी काढून परततात, एवढं मोजून आलात तरी पुष्कळ.

स्वतःचं गाव घ्यावं का? घ्यायला हरकत नाही, पण मग तुम्ही अमक्या भावकीचे असता, आणि समोरची भावकी तुमच्याशी मोजून बोलते. मी माहेरही टाळलं आणि सासरही. मावशीचं गाव घेतलं. राहायला घर मिळालं आणि भावकीच्या भांडणात माझं नाव आलं नाही.

३. गावात जाण्याआधी कागद वाचा, आणि कागदावर विश्वास ठेवू नका

जनगणना, १८८४ चं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटियर, जुन्या मराठी दैनिकांचे अंक, आणि देवस्थानाची कागदपत्रं. जुने अंक बघायचे तर तालुक्याच्या किंवा शहरातल्या वाचनालयात दोन दिवस ठाण मांडून बसा. फोनवर विचारलं तर 'नाहीत' असंच उत्तर येतं.

कागदांत जिथं मी पडले ते खड्डे असे.

तालुके बदललेत. २०११ च्या जनगणनेत निपाणी चिकोडी तालुक्यात आहे, कागवाड अथणीत, मुडलगी गोकाकात. हे तिन्ही तालुके नंतर झाले. 'निपाणी तालुका, धर्मनिहाय लोकसंख्या' असं शोधत मी दोन दिवस घालवले.

धर्माचे आकडे तालुका आणि शहरापर्यंतच छापले जातात. गावाचे मिळत नाहीत. गावात अमुक टक्के लोक तमुक धर्माचे असं कुणी छातीठोक सांगितलं तर तो त्याचा अंदाज समजा.

'धर्म' या रकान्यात घरातला धर्म मावतोच असं नाही. लिंगायतांना जनगणनेत वेगळा रकाना नाही. मी गावात हिंडत होते त्याच पावसाळ्यात बेळगावात स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी लिंगायतांचा मोठा मेळावा झाला. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं तशी शिफारस केंद्राला केली, केंद्रानं ती मानली नाही. त्या काळात एकाच घरात बापानं मला 'हिंदू लिंगायत' सांगितलं आणि कॉलेजातल्या मुलानं नुसतं 'लिंगायत'. तसंच दलित घरांचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही नाहीत. त्यामुळं भिंतीवर येशूचा फोटो आणि दाखल्यावर हिंदू, असं घर दिसलं तर चकित होऊ नका, आणि मोठ्यानं तर अजिबात बोलू नका.

उलटंही होतं. देशात जैन ०.३७ टक्के आहेत आणि आपल्या जिल्ह्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहापट. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, त्यावरून किती माणसं झाली त्याचा हिशेब करा. जैनांना जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण चिकोडीकडच्या गावात 'अल्पसंख्याक' शब्द काढलात तर लोक हसतात. तिथं जमीन, सोसायटी आणि बऱ्याचदा पंचायतही त्यांच्याच हातात.

देवस्थानाची कागदपत्रं हे वेगळंच प्रकरण आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, म्हणून जुन्या देवस्थानांची नोंद १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची असू शकते. आता कर्नाटकाचा १९९७ चा हिंदू धार्मिक संस्थांचा कायदा चालतो आणि देवळं मुजराई, म्हणजे देवस्थानांच्या, खात्याकडं. वर्षाचं उत्पन्न २५ लाखांच्या वर असेल तर अ वर्ग, ५ ते २५ लाख ब, त्याखाली क. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान विश्वस्त संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडं. हद्दीच्या दोन्ही अंगांना एकेक देऊळ घेऊन 'सरकार देवळात कुठपर्यंत येतं' हे ताडून बघितलंत तर तेवढ्यावर प्रबंध होईल. गावातली बहुतेक देवळं मात्र यांतल्या कुठल्याच यादीत नसतात. ती पंच कमिटीची असतात, आणि कमिटीचा कागद म्हणजे एक जाड वही.

कन्नड लिपी शिका. हे कुणाला आवडत नाही, ठाऊक आहे. आमच्या घरातही 'कशाला?' असंच झालं. पण शेतजमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पंचायतीचा ठराव कन्नडमध्ये, देवळापुढचा नवा फलक कन्नडमध्ये. तीन महिन्यांत अक्षरं लागतात. लिपीबरोबर चार शब्दही घोटून घ्या, कारण काही शब्द मराठी वाटतात आणि गोत्यात आणतात. 'बस्ती' म्हणजे या भागात जैन मंदिर. 'गुडी' म्हणजे देऊळ. 'हब्ब' म्हणजे सण. 'हुण्णिमे' म्हणजे पौर्णिमा. ओटी भरण्याला 'उडी तुंबणं' म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं 'बस्तीतली घरं किती?' असं एका शेतकऱ्याला विचारलं. त्यानं शांतपणे सांगितलं, "बस्तीत घरं नसतात बा, तीर्थंकर असतात."

४. कुणाला भेटायचं आणि सोबत काय ठेवायचं

कागद आणि सामान :
– कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं ओळखपत्र
– मार्गदर्शकांचं पत्र, मराठी आणि कन्नड दोन्हींत, शिक्क्यासह, पाच-सहा प्रती
– आधारकार्डाची झेरॉक्स (मागितली तरच द्या)
– दोन वह्या, एक खिशातली आणि एक घरची
– फोन, पॉवर बँक, आणि आवाज नोंदवण्याचं अॅप आधी वापरून बघितलेलं
– मराठी पंचांग आणि कन्नड दिनदर्शिका. महिने जुळतात, सणांची नावं आणि महत्त्व जुळत नाही. उरूस-मोहरमसाठी हिजरी तारखा, त्या दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं येतात
– सहज काढता येतील अशा चपला. हसू नका, दिवसातून वीसदा काढाव्या लागतात

आधी पंचायतीत जा, विकास अधिकाऱ्यांना पत्राची प्रत द्या. मग देवस्थान पंच कमिटीचा अध्यक्ष. मग पुजारी किंवा गुरव. गावात मशीद असेल तर तिथली जमात, मठ असेल तर स्वामी. हा क्रम चुकवू नका. मी आधी पुजाऱ्याला भेटले आणि अध्यक्ष दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

सीमाभागात एक प्रश्न ठरलेला येतो : "तुम्ही कुणाकडनं?" म्हणजे कुठल्या पक्षाकडून, कुठल्या भाषेच्या बाजूनं, कुठल्या संघटनेकडून. 'कुणाकडूनच नाही' या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. 'अमक्या कॉलेजातून, अमक्या सरांकडं शिकते, अमक्यांची भाची' असं सांगा. पहिली भेट १ नोव्हेंबरच्या आसपास ठेवू नका. त्या दिवशी सरकारचा राज्योत्सव असतो आणि मराठी भाषिकांचा काळा दिन. वही घेऊन फिरणारा अनोळखी माणूस दोन्ही बाजूंना खुपतो. डिसेंबरात शहरातल्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असेल तर पोलीस बंदोबस्ताचा हिशेब धरा.

५. यात्रेला जाल तेव्हा. पण यात्रेच्या आधी जा

नवखे लोक यात्रेच्या दिवशी येतात. रथ, भंडारा, डॉल्बी, फोटो, संपलं. ज्याला काही शिकायचंय त्यानं यात्रा ठरते त्या बैठकीला जावं.

आमच्या भागात गावोगाव लक्ष्मीची यात्रा असते, कुठं काही वर्षांनी, कुठं एका पिढीतून एकदा. यात्रेआधी वार पाळतात. त्या दिवशी शेताला कुणी हात लावत नाही. देवीला गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या मांडलेल्या जागेवर, बसवतात, गाऱ्हाणं घालतात, माहेरवाशिणी ओट्या भरतात. हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. मी बघितलेली बैठक सांगते.

देवळाच्या कट्ट्यावर रात्री नऊ वाजता साठ-सत्तर पुरुष, एका बाजूला खांबाला टेकून मी आणि मावशी. बायका आम्ही दोघीच. मध्ये सतरंजीवर कमिटीची लाल कापडी पुठ्ठ्याची वही. वर्गणी चुलीमागं ठरायची होती. अर्धा तास रक्कम ठरण्यात गेला, आणि नंतरचे दोन तास चूल म्हणजे काय यावर. दोन भाऊ वेगळे झालेत पण आई एकाकडं सकाळी आणि दुसऱ्याकडं रात्री जेवते, तर चुली किती? मुलगा पुण्यात, घराला कुलूप, चूल धरायची का? विधवा एकटी, तिच्याकडून अर्धी घ्यायची की पुरी? तिनं पुरी द्यायची असं आधीच सांगून ठेवलं होतं, कारण अर्धी दिली तर ओटीचा मान अर्धा होईल अशी तिला भीती. गावातल्या चार मुसलमान घरांची नावं वहीत आधीपासून होती. त्यांतल्या एकानं मागून सांगितलं, "आमची चार न्हाई, पाच झाल्यात. धाकटा वेगळा झालाय, लिवा." वहीवाल्यानं लिहिलं. कुणी मान वर करून बघितलंही नाही.

जनगणनाही एका चुलीवर जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरते. गावाच्या देवीच्या चुलीवर मात्र दोन तास भांडणं झाली. गावाचा सदस्य कोण हे ठरवण्याची ताकद त्या वहीत होती. प्रबंधातलं माझं सगळ्यात बरं प्रकरण त्या एका रात्रीतून निघालं.

म्हणून बघायच्या गोष्टी :

पैसा कुठून येतो आणि कशावर जातो. फलकावरच्या देणगीदारांची नावं उतरवून घ्या. ठेकेदार कोण, सोसायटीचा चेअरमन कोण, निवडणूक किती महिन्यांवर, हे शेजारी लिहा.

मान कुणाकुणाचे आणि कोणत्या जातीचे. कोण ढोल वाजवतं, कोण दिवटी धरतं, कोण पहिला नारळ फोडतं. एखाद्यानं मान सोडला असेल तर का सोडला ते शोधा. मान सोडण्याच्या गोष्टीत जितकं आधुनिक समाजाचं दर्शन होतं तितकं धरण्याच्या गोष्टीत होत नाही. निपाणीला १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद झाली होती. त्या पट्ट्यात म्हातारी माणसं गावकीची कामं आणि मान सोडल्याच्या हकीकती सांगतात, त्या ऐकून ठेवा.

भाषा. आरती मराठीत, पत्रिका कन्नडमध्ये, माइकवरचा निवेदक दोन्हींत, उरुसातली कव्वाली उर्दूत. कोणती भाषा देवाशी आणि कोणती पोलिसांशी, याची नोंद ठेवा.

शेजारधर्म. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरमध्ये मुसलमानाचं घर नसताना गाव मोहरम पाळतं. असं दिसलं की लगेच 'ऐक्याचं प्रतीक' लिहायची घाई करू नका. कोण करतं, कुणाच्या नवसाचं, खर्च कोण घालतं, हेच प्रश्न तिथंही विचारा. आणि ज्या गावात असं काही होतं पण थांबलं, तिथं कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबलं, तेही.

बायकांना एक फायदा आहे. चुलीपुढं बसता येतं, भाकऱ्या थापता थापता जे ऐकायला मिळतं ते कट्ट्यावर मिळत नाही. मुलग्यांनी निदान महाप्रसादाच्या कढईला हात लावावा.

६. विचारायचं कसं

'का' नं सुरू होणारा प्रश्न टाळा. 'का करता?' म्हटलं की 'पूर्वीपासून चालत आलंय' हेच येणार. 'मागच्या वेळी कसं झालं?' म्हणा, माणूस तासभर बोलतो.

'तुमचा धर्म कोणता?' हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारूच नका. 'कुलदैवत कुठलं, जायचं कधी, गेल्या खेपेला कोण कोण होतं?' असं विचारा. उत्तर येईल ते त्याच शब्दात लिहा. कुणी 'आम्ही चतुर्थ' म्हणालं तर वहीत 'चतुर्थ' लिहा, 'जैन' घरी आल्यावर कंसात.

फोन टेकवण्याआधी विचारा. 'नको' म्हटलं तर बंद. बहुतेक चांगल्या गोष्टी फोन खिशात गेल्यावर आणि चपला घालताना सांगितल्या जातात, म्हणून खिशातली वही.

७. नाजूक जागा

इथं घाई केलीत तर तुमचा अभ्यास बुडेलच, दुसऱ्याचंही नुकसान होईल.

देवदासी आणि जोगते-जोगतिणी, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली माणसं. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर जोगतिणी बांगड्या फोडतात, माघी पौर्णिमेला पुन्हा भरतात. जमदग्नी मारला गेला तेव्हा रेणुकेला, म्हणजे यल्लम्माला, वैधव्य आलं, तो हा काळ. म्हणून एक रांडाव पुनव, दुसरी अहेव पुनव. कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांची तिथं कमी नाही. देवीला मुली सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ सालीच कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला पुन्हा. त्यामुळं 'तुम्हाला कधी सोडलं?' हा प्रश्न त्या बाईला गुन्ह्याबद्दल बोलायला लावतो, आणि बोट तिच्याच आईबापाकडं जातं. मी तो कधीच विचारला नाही. पेन्शन वेळेवर येते का, मुलांच्या दाखल्यावर बापाच्या नावाचं काय केलं, म्हातारपणी जग, म्हणजे डोक्यावरची देवीची मूर्ती, कोण उचलणार, असं विचारलं. बाकीचं त्यांना सांगायचं तेवढं त्यांनी सांगितलं.

धर्मांतर. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच अधिवेशनात विधानसभेत मंजूर झालं, २०२२ ला कायदा झाला, आणि २०२३ च्या जूनमध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. असल्या वातावरणात रविवारी घरात प्रार्थना करणाऱ्या कुटुंबाचं नाव, गल्ली, दुकान तुमच्या वहीत असणं धोक्याचं. पहिल्या पानापासून टोपणनावं वापरा. खऱ्या नावांची यादी वेगळी, घरी, कुलपात.

पशुबळी. १९५९ च्या कायद्यानं बंदी आहे. बघितलंत तरी तारीख-ठिकाण जोडून छापू नका, आणि फोटो नको.

मिरवणुका. शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक, गणपती, ईद-ए-मिलाद, नवरात्रातली पहाटेची दौड. बघा जरूर, पण फोन खिशात ठेवून. मी एका मिरवणुकीचा साधा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवला. त्यात एक झेंडा आणि त्यामागं एका दर्ग्याची कमान आली होती, मला दिसलीही नव्हती. सकाळी सहाला अध्यक्षांचा फोन : "आधी ते काढा, मग चहाला या." काढला, चहाला गेले, तास-दीड तास मान खाली घालून बसले.

८. रात्रीचं काम

त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं निम्मं तुमच्या डोक्यातलं असतं. डाव्या पानावर जे बघितलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला वाटलं ते. शब्दांची मराठी–कन्नड–दखनी यादी शेवटच्या पानांवर वाढवत न्या. आठवड्यातून एकदा वहीचे फोटो काढून ठेवा, माझी एक वही खानापूर गाडीत राहिली ती राहिलीच.

वेळेचं म्हणाल तर लघुप्रबंधाला किमान एक पूर्ण सण, म्हणजे बैठकीपासून हिशेबाच्या दिवसापर्यंत. हिशेबाचा दिवस चुकवू नका. यात्रा संपल्यावर महिन्याभरानं शिल्लक किती आणि कुणाची बाकी, यावर जी तणातणी होते ती रथापुढच्या गर्दीत दिसत नाही.

९. लिहिलेलं परत गावात न्या

यावर मार्गदर्शकही सहसा बोलत नाहीत. प्रकरण मराठीत साध्या भाषेत पाच-सहा पानांत उतरवा आणि कमिटीपुढं वाचा. भीती वाटते, पण वाचा.

मी वाचलं. गावाला टोपणनाव दिलं होतं, दुसऱ्या वाक्याला सगळ्यांनी ओळखलं आणि हसले. मुसलमान घरांच्या वर्गणीचा भाग आला तेव्हा मी घाबरत वर बघितलं, कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. विधवेच्या वर्गणीशी आल्यावर मात्र मागून कुणीतरी म्हणालं, "ते खरं हाय, पण तिला विचारलाईस काय?" विचारलं होतं. अध्यक्षांनी शेवटी चष्मा काढला आणि बोट ठेवलं ते दोन भावांच्या उदाहरणावर. मी लिहिलं होतं की त्या घराची एकच चूल धरली गेली.

"ते बदल," ते म्हणाले. "म्हातारी गेली गेल्या महिन्यात. आता दोन झाल्यात."